ओलावामापकाचा आकडा आणि संदर्भ-दाब

जमिनीत वाफसा आहे किंवा नाही, हे अनुभवी शेतकरी मातीची मूठ वळून ओळखीत आला आहे आणि ती पारख आजही टाकाऊ झालेली नाही. परंतु ठिबकाखालील बागेत मुळांच्या थरात ओल किती उरली आहे हे रोज उकरून पाहणे शक्य नसते. म्हणून मुळांजवळ एक सेन्सर पुरून त्याची तार लहानशा मायक्रोकंट्रोलर बोर्डास जोडण्याची व त्यावरील आकडा पाहून पाण्याची पाळी ठरविण्याची पद्धत अलीकडे रूढ होऊ लागली आहे. काही ठिकाणी हा बोर्ड स्वतःच ठिबकाची झडप उघडतो व बंद करतो. अशा उपकरणांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. कार्यालयातील टेबलावर बरोबर चालणारे यंत्र शेतात नेल्यावर भलताच आकडा दाखविते. मग सेन्सर बदलला जातो, तो दुसऱ्या जागी पुरला जातो, क्वचित यंत्रच अडगळीत टाकले जाते. पुष्कळ वेळा दोष सेन्सरचा नसतो व मातीचाही नसतो. ज्या मापाने बोर्ड मोजतो ते मापच बदललेले असते. ह्या मापास संदर्भ-दाब असे म्हणतात.

सेन्सर आपली ओल विद्युत् दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, रूपाने सांगतो. बोर्डाला मात्र दाब समजत नाही. त्याला केवळ आकडा समजतो. दाबाचा आकडा करून देण्याचे काम मायक्रोकंट्रोलरच्या पोटातील एक भाग करतो, त्यास एडीसी म्हणतात. आर्डुइनो उनो ह्या सर्वपरिचित बोर्डावरील ॲटमेगा ३२८ पी ह्या चिपमध्ये संदर्भ-दाबाचे १०२४ समान भाग कल्पिलेले असतात. आत आलेला दाब त्यांपैकी कितव्या भागापर्यंत पोहोचतो तेवढाच आकडा, शून्यापासून १०२३ पर्यंत, बाहेर पडतो. अर्थात आलेल्या दाबास संदर्भ-दाबाने भागून १०२४ ने गुणिले की आकडा मिळतो. भागाकार आहे, ही गोष्ट येथे नीट ध्यानात घ्यावयास हवी. भाजक लहान झाला की आलेला दाब तोच असूनही आकडा वाढतो.

खळ्यावर रास पायलीने मोजण्याचा प्रघात ज्यांना आठवतो त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या पायलीचे बूड आतून वर उचलले गेले असेल तर चाळीस पायल्यांची रास पंचेचाळीस भरते. रास वाढलेली नसते, पायली लहान झालेली असते. मोजणाराने पायलीकडे न पाहता राशीवरच वाद घातला तर त्याचा उलगडा कधीच होणार नाही.

आर्डुइनो उनो ह्या बोर्डास वेगळे काही सांगितले नाही तर तो आपल्या स्वतःच्या पुरवठ्याचा दाबच संदर्भ म्हणून वापरतो. हा दाब पाच व्होल्ट आहे असे प्रोग्रॅम लिहिणारा गृहीत धरतो. परंतु तो नेमका पाच क्वचितच असतो. संगणकाच्या यूएसबी जोडणीतून मिळणारा पाच व्होल्ट हा नियमानुसारच ४·७५ ते ५·२५ च्या दरम्यान कोठेही असू शकतो. बोर्डाच्या गोल खोबणीतून वीज द्यावयाची असल्यास ७ ते १२ व्होल्ट द्यावेत अशी शिफारस आहे. तेथे चार कोऱ्या सेलची, म्हणजे जेमतेम ६ व्होल्टची, पेटी जोडली तर बोर्डावरील नियामकास पाच व्होल्ट राखता येत नाहीत. सेल उतरत जातील तसतसा बोर्डाचा दाबही उतरत जातो. बोर्ड बंद पडत नाही, दिवा लागलेला असतो, आकडेही येत असतात. म्हणून कोणास संशय येत नाही.

ह्याचा परिणाम काय होतो हे एका उदाहरणाने पाहू. भारी काळ्या जमिनीतील डाळिंबाच्या बागेत एक सेन्सर पुरला आहे असे समजा. पात्याच्या आकाराचे जे स्वस्त सेन्सर सध्या मिळतात ते कोरड्या मातीत जास्त दाब व ओल्या मातीत कमी दाब देतात. वाफशावर ह्या सेन्सरचा दाब २·०० व्होल्ट आहे. कार्यालयात, संगणकाच्या बरोबर ५ व्होल्टवर, त्याचा आकडा ४०९ येतो. आकडा ४५० च्या वर गेला, म्हणजे दाब सुमारे २·२० व्होल्ट झाला, की झडप उघडावी असे प्रोग्रॅममध्ये लिहिले आहे. यंत्र शेतात गेले, सेल थोडे उतरले व बोर्डाचा दाब ४·४ व्होल्टवर आला. माती तीच, ओल तीच, सेन्सरचा दाबही तोच २·०० व्होल्ट. आकडा मात्र ४६५. यंत्राने जमीन कोरडी ठरविली व वाफशावरच पाणी सोडले. पुढे बोर्डाचा दाब ४·२ व्होल्ट झाला. तोवर माती वाफशाहूनही ओली होऊन सेन्सरचा दाब १·८५ व्होल्टपर्यंत खाली आला आहे, तरीही आकडा ४५१ येतो व झडप उघडीच राहते. भारी जमिनीत असे पाणी आठ-दहा दिवस मिळत राहिले की मुळांना हवा मिळत नाही आणि मररोगास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. झाड पिवळे पडू लागल्यावर पाणी कमी पडले असावे असा समज होऊन हातानेही पाणी दिले जाण्याचा संभव असतो, कारण यंत्रसुद्धा तेच सांगत असते.

अशा वेळी काही जण वीस-पंचवीस वेळा मोजून सरासरी काढतात. सरासरीचा उपयोग आहे, पण तो निराळ्या दोषावर आहे. लांब तारेत शिरणाऱ्या खळबळीमुळे आकडा क्षणोक्षणी वरखाली होत असेल तर सरासरीने तो स्थिरावतो. संदर्भ-दाब घसरल्याने आलेली चूक प्रत्येक वाचनात एकाच दिशेची असते. बूड उचललेल्या पायलीने रास शंभर वेळा मोजली तरी खरे माप हाती येत नाही.

सेन्सर कोणत्या जातीचा?

संदर्भ-दाब स्थिर असावा हे ऐकून सर्वत्र स्थिर संदर्भच जोडावा, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. प्रथम सेन्सरची जात ओळखावी लागते.

काही सेन्सर आपला दाब स्वतःच ठरवितात. पुरवठा थोडा वरखाली झाला तरी त्यांचे उत्तर बदलत नाही. उष्णता मोजणारा एलएम ३५ हा ह्या जातीचा होय. तो प्रत्येक अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांस ३०० मिलिव्होल्ट. पाच व्होल्टच्या संदर्भावर त्याचा आकडा ६१ येईल आणि साडेचार व्होल्टच्या संदर्भावर ६८. प्रोग्रॅम पाच व्होल्टच धरून चालला तर तो ३३ अंशांहून अधिक उष्णता दाखवील. कांदाचाळीत तीन अंशांची चूक लहान नव्हे. अशा सेन्सरसाठी संदर्भ स्थिरच हवा.

दुसऱ्या जातीचे सेन्सर केवळ रोध, म्हणजे रेझिस्टन्स, बदलतात. थर्मिस्टर, टाकीतील पाण्याची पातळी दाखविणारे तरंगत्या दांडीचे पोटेन्शिओमीटर, तसेच जिप्समचा ठोकळा ही ह्याची उदाहरणे आहेत. जिप्समच्या ठोकळ्याची पद्धत अमेरिकेत मिशिगन येथे बूयूकॉस व मिक ह्यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केली. ह्या सर्वांना एका ठरावीक रेझिस्टरच्या जोडीने पुरवठ्यावर बसवितात व दोहोंच्या मधल्या जागेवरील दाब मोजतात. येथे पुरवठा घसरला की मधला दाबही त्याच प्रमाणात घसरतो. बोर्डाचा संदर्भ-दाब तोच पुरवठा असेल तर भाज्य व भाजक एकाच प्रमाणात कमी होऊन भागाकार जसाच्या तसा राहतो. १० हजार ओहमचा थर्मिस्टर २५ अंशांवर १० हजार ओहमच्या रेझिस्टरबरोबर जोडला तर पाच व्होल्टवरही ५१२ आकडा येतो व चार व्होल्टवरही ५१२ च येतो. ह्या जातीच्या सेन्सरला मुद्दाम स्थिर संदर्भ दिला आणि सेन्सर मात्र घसरणाऱ्या पुरवठ्यावरच ठेवला, तर नसलेली चूक निर्माण होते. म्हणून ह्या जातीत नियम असा पाळावा की जो दाब संदर्भ म्हणून घेतला, त्याच तारेवरून सेन्सरच्या जोडीलाही दाब द्यावा.

जिप्समच्या ठोकळ्यात किंवा मातीत रोवावयाच्या दोन दात्यांच्या सेन्सरमध्ये प्रवाह सतत एकाच दिशेने सोडू नये. तसे केल्यास धातू झिजतो व आकडा काही आठवड्यांतच बदलतो. मोजण्यापुरताच क्षणभर दाब द्यावा आणि दिशा आलटून-पालटून द्यावी.

पात्याच्या आकाराच्या ओलावा-सेन्सरविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण शेतात सर्वांत अधिक तोच दिसतो आणि तो दोन्ही जातींत सापडतो. ह्या सेन्सरच्या डोक्यावर ३·३ व्होल्टचा एक लहान नियामक बसविलेला असतो. तो असेल तर सेन्सर पहिल्या जातीचा, कारण त्याच्या आतला दाब बाहेरच्या चढउताराने बदलत नाही. परंतु त्याच रूपाच्या काही नकलांत हा नियामक गाळलेला असतो व मग उत्तर पुरवठ्याबरोबर हलते. पाकिटावरून हा भेद कळत नाही. परीक्षा सोपी आहे. सेन्सर कोरडा पुसून हवेत धरावा. त्याला एकदा ५ व्होल्टवर व एकदा ४ व्होल्टच्या आसपास असलेल्या लिथियम सेलवर चालवावे आणि दोन्ही वेळा त्याच्या उत्तराच्या तारेवरील दाब मल्टिमीटरने पाहावा. दोन्ही वाचने सारखी आली तर नियामक आहे व संदर्भ स्थिर हवा. पुरवठा जितका उतरला जवळजवळ तितक्याच प्रमाणात उत्तरही उतरले तर नियामक नाही, आणि संदर्भ पुरवठ्याचाच ठेवणे श्रेयस्कर. एकाच बागेत दोन्ही प्रकारचे सेन्सर मिसळू नयेत.

स्थिर संदर्भ कोठून आणावा?

पहिला मार्ग चिपच्या पोटातच आहे. ॲटमेगा ३२८ पी मध्ये १·१ व्होल्टचा एक अंतर्गत संदर्भ असतो. प्रोग्रॅममध्ये ॲनालॉग-रेफरन्स ह्या आज्ञेत 'इंटर्नल' असे लिहिले की बोर्ड तोच वापरू लागतो. एलएम ३५ साठी हा उत्तम आहे. पाच व्होल्टवर त्याचा एक आकडा जवळजवळ अर्ध्या अंशाएवढा होतो, तर १·१ व्होल्टवर अंशाच्या दहाव्या भागाएवढा. तथापि १·१ हे नाव आहे, नेमके माप नव्हे. एका चिपमध्ये तो १·० तर दुसरीत १·२ व्होल्ट असणे हे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच बसते. सुदैवाने एकाच चिपमध्ये तो फारसा हलत नाही. म्हणून ही आज्ञा देऊन एकदा वाचन घ्यावे, बोर्डावरील 'एरेफ' नावाच्या खिळीवर मल्टिमीटर लावून खरा दाब पाहावा व तो आकडा त्या बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये लिहावा. दहा शेतकऱ्यांना दहा बोर्ड द्यावयाचे असतील तर दहाही मोजावेत. एकाच्या प्रोग्रॅमची नक्कल दुसऱ्यात घालून भागत नाही.

ह्या संदर्भाची अडचण अशी की १·१ व्होल्टच्या वरचा सर्व दाब त्याला सारखाच दिसतो, आकडा १०२३ वर अडकून बसतो. ओलावा-सेन्सर कोरड्या मातीत अडीच ते तीन व्होल्टपर्यंत जातो. त्यासाठी उनो बोर्डावरच एक सोय आहे. ३·३ व्होल्टच्या खिळीपासून एरेफ खिळीपर्यंत एक तार टाकून प्रोग्रॅममध्ये 'एक्स्टर्नल' असे लिहावे. मुख्य पुरवठा ४·४ पर्यंत घसरला तरी ही ३·३ ची खिळी आपला दाब राखते. वरच्या उदाहरणातील वाफशाचा २·०० व्होल्ट मग संगणकावरही ६२० दाखवितो व शेतातील सेलवरही ६२० च दाखवितो. मोठा खर्च न करता होणारी ही दुरुस्ती आहे.

येथे एका धोक्याची सूचना द्यावयास हवी. एरेफ खिळीला बाहेरचा दाब जोडलेला असताना प्रोग्रॅममध्ये 'एक्स्टर्नल' लिहिण्याचे राहिले आणि वाचन घेतले गेले, तर आतला दाब व बाहेरचा दाब एकमेकांस भिडून चिप निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून आधी नवा प्रोग्रॅम बोर्डात घालावा व मगच तार जोडावी. काढतेवेळी ह्याच्या उलट करावे. जुना बोर्ड दुसऱ्या कामास घेताना ही तार विसरली जाते, हे विशेष लक्षात ठेवावे.

याहून अधिक अचूकता हवी असल्यास संदर्भासाठीच बनविलेली चिप मिळते. एलएम ४०४० ही २·५ व ४·०९६ व्होल्ट अशा मापांत मिळते आणि तिच्या उत्तम प्रतीत चूक हजारांत एक इतकीच असते. ४·०९६ ही विचित्र वाटणारी संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिला १०२४ ने भागले की एक आकडा बरोबर ४ मिलिव्होल्टचा होतो, त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो. परंतु पुरवठा ४·४ च्या खाली जाणाऱ्या यंत्रात ती घेऊ नये, कारण संदर्भाच्या वर पुरेसा पुरवठा नसेल तर ती चिप आपले माप राखू शकत नाही. अशा वेळी २·५ व्होल्टची घ्यावी व सेन्सरचा दाब दोन सारख्या रेझिस्टरांनी निम्मा करून मोजावा. पाच व्होल्ट पुरवठ्यापासून एक हजार ओहमचा रेझिस्टर घालून ही चिप एरेफवर बसवितात.

ईएसपी ३२ हा बोर्ड दूरवर बिनतारी आकडे पाठविण्यास सोयीचा असल्याने त्याचा प्रसार वाढत आहे. त्याचा नियम निराळा आहे. तो पुरवठा संदर्भ म्हणून घेत नाही. त्याच्या आत १·१ व्होल्टचा संदर्भ असून तोही चिपगणिक १·० ते १·२ पर्यंत बदलतो. नंतरच्या चिपांत कारखान्यातच मोजलेले माप कोरून ठेवलेले असते. म्हणून कच्चा आकडा न वाचता मिलिव्होल्ट देणारी आज्ञा वापरावी, म्हणजे ते कोरलेले माप हिशेबात घेतले जाते. शिवाय सुमारे २·४५ व्होल्टच्या वर ह्या चिपचे वाचन वाकडे जाते. कोरड्या जमिनीतील सेन्सर नेमका तेथेच पोहोचत असल्याने येथेही दाब निम्मा करून द्यावा.

शेतावर करावयाची परीक्षा

यंत्र बसविणाऱ्या कार्यकर्त्याने सोबत एक कोरा दीड व्होल्टचा सेल ठेवावा. सेलचा दाब मल्टिमीटरने पाहून लिहून घ्यावा. तो १·५५ आहे असे धरू. सेन्सर काढून त्याच्या जागी सेल जोडावा, ऋण टोक बोर्डाच्या ग्राउंडला व धन टोक वाचनाच्या खिळीला. संदर्भ ३·३ व्होल्ट असेल तर आकडा ४८० च्या आसपास येईल, आणि बोर्ड संगणकावर असो वा शेतातील पेटीवर असो, तो तेवढाच राहील. संदर्भ पुरवठ्याचा असेल तर संगणकावर ३१७ व उतरलेल्या पेटीवर ३६० असा फरक दिसेल. हा फरक शेतकऱ्यास स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावा. सेन्सर बदलून पाहण्यात जे दोन-तीन आठवडे जातात ते ह्या पाच मिनिटांच्या परीक्षेने वाचतात.

मोजण्याची वेळही साधावी लागते. झडपेचा रिले किंवा मोबाइल संदेश पाठविणारे मोडेम त्याच पुरवठ्यावर असेल तर त्याने प्रवाह ओढताच दाब खाली बसतो; काही मोडेम क्षणभर दोन ॲम्पियरपर्यंत प्रवाह घेतात. म्हणून आधी ओल मोजावी, आकडा राखून ठेवावा व नंतर संदेश पाठवावा. प्रोग्रॅममध्ये एका संदर्भावरून दुसऱ्या संदर्भावर जावयाचे असल्यास बदलानंतरची पहिली काही वाचने टाकून द्यावीत.

संदर्भ स्थिर झाल्यावर मगच आकड्याची मातीशी सांगड घालावी, आधी नव्हे. त्यासाठी सेन्सरजवळची माती डब्यात बंद करून वजन करावी, ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सियसवर चोवीस तास वाळवावी व पुन्हा वजन करावी. शंभर ग्रॅम माती वाळून ऐंशी ग्रॅम भरली तर कोरड्या मातीच्या मानाने ओल २५ टक्के झाली. वाफशावर, पाणी देण्यापूर्वी व मधे एकदा असे तीन तरी नमुने घ्यावेत आणि प्रत्येकासमोर त्या वेळचा आकडा लिहावा. हलक्या जमिनीत मिळालेले आकडे भारी जमिनीस लावू नयेत.

यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी चिकटवून तीवर संदर्भ कोणता वापरला, एरेफवर मल्टिमीटरने किती दाब मिळाला, कोणत्या तारखेस मिळाला व पाणी सोडण्याचा आकडा कोणता ठरविला हे लिहून ठेवावे. बोर्ड जळाला व नवा बसविला तर जुनी चिठ्ठी काढून टाकावी, नव्या बोर्डाचा संदर्भ-दाब मोजावा आणि सेलची परीक्षा पुन्हा करूनच झडप त्याच्या स्वाधीन करावी.